आतून पेटणारी आग

धानाचा तणीस ओला असताना रचू नये, हे झाडीपट्टीतल्या शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. ओल्या तणसाचा ढीग आतून गरम होतो. हात घातला तर चटका बसतो, सकाळच्या थंडीत त्यातून वाफ निघताना दिसते, आणि एखाद्या वेळी कुणी काडी न लावता तो पेटतो. कोळशाचंही तेच. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्गुस, माजरी या पट्ट्यात वाढलेल्या माणसाने उन्हाळ्यात कोळशाच्या ढिगातून निघणारा धूर पाहिलेला असतो. तिथं कुणी आग लावलेली नसते. कोळसा हवेतला प्राणवायू सावकाश घेत राहतो, त्यातून थोडी थोडी उष्णता निर्माण होते, आणि ढीग मोठा असला की तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही. लावलेली आग वेगळी आणि तापून लागलेली आग वेगळी, हे या भागाला पुस्तकांच्या आधीपासून ठाऊक आहे.

विजेवर चालणाऱ्या गाडीची बॅटरी पेटते तेव्हा ती या दुसऱ्या जातीची आग असते. पुढच्या पानांतला सगळा मजकूर याच गोष्टीवर उभा आहे, म्हणून प्रस्तावनेत तीच जरा सविस्तर सांगतो.

रशियन रसायनशास्त्रज्ञ निकोलाय सेमेनोव्ह यांनी १९२८ मध्ये अशा आगीचं गणित मांडलं. पुढे १९५६ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांचं म्हणणं समजून घ्यायला समीकरण लागत नाही. पदार्थात उष्णता निर्माण होण्याचा वेग तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो. ढोबळमानाने दर १० अंशांमागे रासायनिक क्रियेचा वेग दुप्पट होतो. उष्णता बाहेर निघून जाण्याचा वेग मात्र सरळ रेषेत वाढतो. आत आणि बाहेर जेवढा फरक, तेवढीच उष्णता निघणार. जोवर दोन्ही बाजू जुळतात तोवर ठीक. एकदा निर्मिती पुढे सरकली की तापमान चढतं, तापमान चढलं की निर्मिती आणखी वाढते, आणि मग ते कुणाच्या हातात राहत नाही. बॅटरीचे अभियंते याला ‘थर्मल रनअवे’ म्हणतात. मी इथं ‘तापाचा भडका’ म्हणेन.

या हिशेबात एक आकडा बाहेरून येतो, तो म्हणजे भोवतालच्या हवेचं तापमान. आणि तिथेच चंद्रपूर या विषयात शिरतं.

आधी बॅटरीच्या आत डोकावू. लिथियम-आयन सेल १९९१ मध्ये जपानच्या सोनी कंपनीने बाजारात आणला. त्यात एका पातळ पत्र्यावर ग्रॅफाइटचा लेप असतो, दुसऱ्यावर धातूंच्या ऑक्साइडचा. दोहोंच्या मध्ये केसाहून पातळ प्लास्टिकचा पडदा असतो, आणि हे सगळं पेट घेऊ शकणाऱ्या द्रवात भिजलेलं असतं. सेल ८० ते १२० अंशांच्या दरम्यान तापला की ग्रॅफाइटवरचं संरक्षक आवरण सुटू लागतं आणि स्वतःच उष्णता सोडतं. १३० अंशांच्या आसपास पॉलिइथिलीनचा पडदा वितळतो. तो फाटला की दोन्ही पत्रे एकमेकांना भिडतात आणि आतल्या आत शॉर्टसर्किट होतं. निकेल, मँगनीज आणि कोबाल्टवाल्या सेलमध्ये २०० अंशांच्या पुढे ऑक्साइडमधून प्राणवायूही सुटू लागतो. म्हणजे जळण आणि प्राणवायू एकाच डबीत. वर वाळू टाकली, गोधडी टाकली, तरी आतली आग गुदमरत नाही, ती यामुळे.

स्कूटरच्या ३ युनिटच्या बॅटरीत विजेच्या रूपात साठलेली ऊर्जा पेट्रोलच्या हिशेबात जेमतेम लिटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी आहे. पेट्रोलच्या टाकीत याच्या कितीतरी पट ऊर्जा घेऊन आपण रोज फिरतो. पेट्रोल बाहेर सांडलं, ठिणगी पडली, तरच पेटतं. बॅटरीला बाहेरचं काही लागत नाही. धोका ऊर्जेच्या प्रमाणापेक्षा तिच्या रचनेत जास्त आहे, आणि रचना सुधारता येते.

ती सुधारलीही आहे. १९९७ मध्ये अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातल्या जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून लोह-फॉस्फेटचं संयुग पुढे आलं. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक अक्षय पाढी आणि त्यांचे सहकारी नंजुंडस्वामी हे दोघेही भारतीय वंशाचे. आज ‘एलएफपी’ नावाने विकली जाते ती बॅटरी ही. फॉस्फेटमधला प्राणवायू घट्ट बांधलेला असतो, तो सहजी सुटत नाही. त्यामुळे भडका उशिरा होतो आणि सौम्य असतो. होतच नाही असं मात्र नाही. आतला द्रव तोच ज्वलनशील द्रव आहे आणि त्यातून निघणारा वायूही पेट घेतो. वजन थोडं जास्त आणि एका चार्जमध्ये पल्ला थोडा कमी, एवढी त्याची किंमत. आमच्या हवेत ही किंमत मोजावी असं माझं स्पष्ट मत आहे. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने आयसर पुणे या संस्थेच्या साथीने डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम-आयन बॅटरीचं तंत्रज्ञान जाहीर केलं. तिकडेही लक्ष ठेवायला हवं. पण आज दुकानात मिळते ती लिथियमची.

आता चंद्रपूरच्या मे महिन्याकडे येऊ. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावं उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत असतात. पारा ४७ अंशांवर जाणं इथं नवलाचं नाही. बहुतेक लिथियम-आयन सेलच्या माहितीपत्रकात चार्जिंगची वरची मर्यादा ४५ अंश छापलेली असते, आणि ती सेलच्या अंगाच्या तापमानाची असते. म्हणजे नवतपातल्या दुपारी सावलीतली हवाच त्या मर्यादेच्या वर असते. टिनाच्या छपराखाली उभी केलेली किंवा उन्हातून नुकतीच घरी आलेली स्कूटर त्याहून गरम. थंड प्रदेशातल्या अभियंत्याच्या कागदावर ४५ हा दूरचा कोपरा असतो. आमच्याकडे तो दुपारचे दोन वाजल्याचा आकडा आहे.

चांगल्या बॅटरीत बीएमएस नावाचं नियंत्रक मंडळ असतं. सेल तापले आहेत असं त्याला कळलं की ते चार्जिंग घ्यायचं थांबतं. इथूनच एक नवीन अडचण सुरू होते, ती मला दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितली. “सर, मे महिन्यात लोकं चार्जर घेऊन येतेत, बिघडला म्हणतेत. चार्जर तं चांगला रायते, बॅटरी गरम रायते.” दोन तास सावलीत ठेवा, असं तो सांगतो. काही जण ऐकतात. काही दुसरीकडे जातात, आणि तिथं कुणीतरी तापमानाचा सेन्सर काढून त्या जागी तार जोडून देतो. गाडी चार्ज होऊ लागते, ग्राहक खूश होतो. बॅटरीचा राखणदार मात्र त्या दिवसापासून आंधळा झालेला असतो. या पुस्तिकेतलं एकच पान कुणी वाचणार असेल, तर त्याने सेन्सर ‘बायपास’ करण्यावरचं पान वाचावं.

देशाला हा विषय कळला तो २०२२ च्या उन्हाळ्यात. मार्चच्या शेवटी पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली एक ई-स्कूटर पेटली आणि तिची चित्रफीत घरोघरी पोचली. ९ एप्रिलला नाशिकजवळ कंटेनरमधून चाललेल्या ४० ई-स्कूटरपैकी २० जळाल्या. सुदैवाने माणसं वाचली. १२ सप्टेंबरला सिकंदराबादेत एका हॉटेलच्या इमारतीत खाली असलेल्या ई-स्कूटरच्या दालनातून आग आणि धूर वर चढला, आठ जण गेले. त्याच महिन्यात वसईला घरात चार्जिंगला लावलेली बॅटरी पहाटे फुटली. त्या खोलीत आजीजवळ झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि पुढे दगावला. या चारही घटनांत गाडी धावत नव्हती. एक उभी होती, काही कंटेनरमध्ये लादलेल्या होत्या, काही इमारतीच्या पोटात ठेवलेल्या होत्या, आणि एक बॅटरी झोपण्याच्या खोलीत चार्ज होत होती. गाडी चालवताना जपणारे आपण ती ठेवताना जपत नाही.

सरकारने संरक्षण संशोधन संस्थेच्या अग्नी आणि स्फोटक सुरक्षेच्या केंद्राकडे चौकशी दिली, तज्ज्ञांची समिती नेमली, आणि २९ ऑगस्ट २०२२ रोजी एआयएस-१५६ व एआयएस-०३८ या मानकांमध्ये दुरुस्त्या झाल्या. पहिलं मानक दुचाकी-तीनचाकींसाठी आहे, दुसरं चारचाकी आणि बससाठी. या दुरुस्त्या १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. सेलमध्ये अंतर, वायू बाहेर पडायला झडप, तापमानाचे जादा सेन्सर, धोक्याचा इशारा देणारा आवाज आणि दिवा, सेल कुठून आला याचा माग, असं बरंच त्यात आलं. सगळ्यात महत्त्वाची चाचणी दुसऱ्या टप्प्यातली. एक सेल मुद्दाम भडकवायचा आणि आग उरलेल्या पॅकमध्ये पसरते का ते पाहायचं.

ही चाचणी समजावून सांगायला गडचिरोलीत फार शब्द लागत नाहीत. उन्हाळ्याआधी वनखातं जंगलात जाळरेषा काढतं. ठरलेल्या पट्ट्यातलं गवत आणि पालापाचोळा आधीच जाळून जमीन मोकळी ठेवायची, म्हणजे पुढे वणवा आला तरी त्या पट्ट्याशी येऊन अडतो. एका कक्षातली आग दुसऱ्या कक्षात जाऊ नये हा त्यामागचा विचार. बॅटरीच्या पॅकमध्ये शेकडो सेल खेटून बसवलेले असतात. करंगळीएवढ्या गोल सेलचा स्कूटरचा पॅक घेतला तर तीनशेच्या आसपास. लाखो सेलमधला एखादा सदोष निघणारच, कितीही चांगला कारखाना असला तरी. तो एकटा जळून विझला तर वास येईल, धूर येईल, गाडी बंद पडेल. त्याने शेजाऱ्याला पेटवलं, तर घर जाईल. म्हणून आज जगभरची सगळी धडपड या जाळरेषेसाठी आहे. सेलच्या मध्ये अभ्रकाचे पत्रे आणि एरोजेलच्या चादरी घालतात, उष्णता शोषून वितळणारं मेण भरतात, गरम वायूला दुसऱ्या सेलवर न जाता बाहेर जायला वेगळी वाट ठेवतात. चीनच्या नव्या मानकाने तर आणखी पुढचं पाऊल टाकलं. १ जुलै २०२६ पासून तिथल्या बॅटरीने एक सेल भडकल्यावर दोन तास पेट घ्यायचा नाही किंवा फुटायचं नाही. याआधी अट होती ती धोक्याचा इशारा मिळाल्यावर माणसांना उतरायला पाच मिनिटं मिळावीत, एवढीच.

पाच मिनिटांत माणूस उतरतो, हे खरं. पण आलापल्ली-भामरागड रस्त्यावर मार्च महिन्यात गाडीने पेट घेतला तर तिच्या दोन्ही बाजूंना सागाचा वाळला पाचोळा असतो. वनखात्याचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. मोहफूल वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूला नवी पानं फुटावीत म्हणून काही जण आग लावतात, आणि त्याने दरवर्षी किती जंगल जळतं ते इथले वनरक्षक जाणतात. त्यात आणखी एक कारण आपल्या हाताने जोडायचं नाही. म्हणून जंगलातल्या रस्त्यांसाठी पाच मिनिटांची अट अपुरी आहे असं मला वाटतं.

अग्निशमनाचं वास्तवही ध्यानात घ्यायला हवं. बंब शहरांत आणि तालुक्याच्या ठिकाणी. गडचिरोलीहून भामरागड पावणेदोनशे किलोमीटर, सिरोंचा दोनशेच्या पुढे. चंद्रपूरसारख्या शहराच्या वेशीवरही मदतीला वेळ लागतो. १९ मे २०२२ च्या रात्री मूल रस्त्यावर अजयपूरजवळ डिझेलचा टँकर आणि लाकडाचा ट्रक यांची टक्कर झाली आणि नऊ माणसं जळून गेली. त्या गाड्या विजेच्या नव्हत्या. डिझेल, पेट्रोल आणि गॅस यांनी आजवर या रस्त्यांवर घेतलेले बळी बॅटरीने घेतलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, आणि बॅटरीची भीती घालून कुणाला विजेच्या गाडीपासून परतवणं हा या लेखनाचा हेतू नाही. कोळशाच्या धुळीत राहणाऱ्या चंद्रपूरकराला धूर न सोडणारी गाडी हवीच आहे. ती त्याला निर्धास्तपणे वापरता यावी, एवढ्यासाठी हा खटाटोप.

बॅटरीच्या आगीला पाणी लागतं आणि ते पुष्कळ लागतं. पावडरच्या सिलिंडरने ज्वाळा दबतात, आतला ताप जात नाही. काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी, तीच बॅटरी पुन्हा पेटते. धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात, म्हणून ओलं फडकं नाकाला बांधून जवळ जाण्यात शहाणपण नाही. फुसफुस आवाज, फटाफट फुटल्याचे आवाज, गोडसर रसायनाचा वास, पांढरा दाट धूर, यांतलं काहीही जाणवलं की माणसं बाहेर काढायची. बॅटरी उचलून अंगणात नेण्याचा प्रयत्न करायचा नाही. त्या काही सेकंदांतच ती फुटू शकते. जळून गेलेली गाडी घरापासून आणि इतर गाड्यांपासून पन्नास फूट लांब, उघड्यावर ठेवायची. ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांनी, पोलीस पाटलांनी आणि वनरक्षकांनी हा भाग पाठ करावा, कारण बंब येईपर्यंत तिथं तेच असणार आहेत.

पुराचं एक वेगळं प्रकरण आहे. दर पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर येतो, भामरागडचा संपर्क तुटतो, बाजारपेठेत पाणी शिरतं. ‘आयपी ६७’ असा शिक्का असलेली बॅटरी एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते, एवढाच त्या शिक्क्याचा अर्थ. दोन दिवस बुडालेल्या गाडीला तो लागू नाही. तशी गाडी वाळवून चार्जिंगला लावू नये. आधी बॅटरी तपासून घ्यावी, आणि तोवर ती घराबाहेर ठेवावी.

सगळ्यात जास्त काळजी मला स्वस्त गाड्यांची वाटते. ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या आणि २५० वॅटपर्यंत मोटर असलेल्या गाडीला नोंदणी लागत नाही, परवाना लागत नाही. कायद्याच्या लेखी ती मोटार वाहनच नाही, त्यामुळे वर सांगितलेल्या कडक चाचण्याही तिला बंधनकारक होत नाहीत. शाळेत जाणारी मुलगी, अंगणवाडीची ताई, पानठेला चालवणारा म्हातारा, यांना परवडते ती हीच गाडी. पुढे तिचा वेग वाढवायला कुणी मोठी बॅटरी बसवतो, कुणी जुन्या लॅपटॉपमधले सेल जोडून पॅक बांधून देतो. राज्याच्या परिवहन खात्याने मे २०२२ मध्ये अशा फेरफार केलेल्या गाड्यांवर कारवाईचे आदेश काढले होते. न्यूयॉर्क शहराने हाच प्रश्न आपल्याआधी भोगला. २०२३ या एका वर्षात तिथं लिथियम बॅटऱ्यांमुळे २६८ आगी लागल्या, १८ माणसं गेली. त्यातल्या पुष्कळ बॅटऱ्या सामान पोचवणाऱ्या मुलांच्या सायकलींच्या होत्या, स्वस्त आणि तपासणीविना घेतलेल्या. त्याच वर्षी शहराने प्रमाणपत्राशिवाय विक्री बंद केली आणि जुन्या सेलमधून बांधलेल्या पॅकवरही बंदी घातली. गरिबाच्या गाडीला चाचणीतून सूट देणं म्हणजे त्याच्या घराला सुरक्षेतून सूट देणं आहे. ही सूट रद्द व्हावी.

चार्जिंग कधी करावं, हा प्रश्न व्याख्यानांत हमखास येतो. उन्हाळ्यात रात्री हवा थोडी निवते, पण तेव्हा घर झोपलेलं असतं. माझं उत्तर पहाटेचं आहे. गाडी रात्रभर निवू द्यावी, आणि उठल्यावर, डोळ्यांदेखत लावावी. वेळेपेक्षाही जागा महत्त्वाची. आमच्याकडे गाडी ओसरीत, दाराच्या आत किंवा जिन्याखाली लावायची सवय आहे. घरात शिरायचा आणि घरातून निघायचा रस्ता बहुधा तोच एक असतो. आग तिथं लागली तर माणसं आत अडकतात. गाडी दाराच्या वाटेत नको, माणसं झोपतात त्या खोलीत तर नकोच. चार्जर कंपनीचाच, अर्थिंग असलेल्या पॉवर सॉकेटवर, एक्सटेन्शन बोर्डाविना. फुगलेली बॅटरी वापरायची नाही, मग ती कितीही नवी असो.

हे झालं घरातलं. एक गोष्ट घराबाहेरची आहे आणि ती या पुस्तिकेच्या आवाक्याबाहेर राहिली. मानकातल्या चाचण्या नव्या बॅटरीवर होतात, आणि बहुतेक २० अंशांच्या आसपासच्या हवेत सुरू होतात. बॅटरी ६० अंशांपर्यंत तापवून पुन्हा गोठवण्याची चाचणी आहे, अतितापात बीएमएस चार्जिंग तोडतो का हेही पाहतात. पण चंद्रपूरचे तीन उन्हाळे, मूल-सिंदेवाहीच्या रस्त्यांचे हादरे आणि दिवसातून चार वेळा जाणारी लाइन सोसलेली जुनी बॅटरी भडक्याच्या किती जवळ आलेली असते, ते या चाचण्यांतून कळत नाही. ते कळायला या हवेत वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून मोजाव्या लागतील. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, चंद्रपुरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि भडक्याच्या चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था पुण्यात, याच राज्यात आहे. या तिघांनी मिळून वापरलेल्या शंभर बॅटऱ्या तपासल्या तरी देशाला आज नसलेली माहिती हाती येईल. ज्यांच्याकडे तीन-चार उन्हाळे झालेली ई-स्कूटर आहे अशा वाचकांनी तिची बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये. अशी मोजणी सुरू होईल तेव्हा ती लागणार आहे. आणि ती यंदाच्या मे महिन्यात सुरू व्हावी, अशी या संस्थांना माझी विनंती आहे.